पाचाचं नाणं

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टचं किमान भाडं ५ वरून १० रुपये झालं, एसीचं ६ वरून १२. जुलै २०१९ मध्ये हेच ८ वरून ५ वर आणलं होतं. खरं सांगू? मला वाढ जाणवलीच नाही. कंडक्टरच्या मशीनला कार्ड टेकवलं, बीप झालं, कानात परत गाणी.

पुढच्या सीटवरच्या मावशींनी मात्र पाचाचं नाणं पुढे केलं.

"मावशी, आता दहा झाले."

पदराची गाठ सोडून त्यांनी अजून एक नाणं काढलं, तिकीट दोनदा बघितलं आणि म्हणाल्या, "म्हणजे येताना चालतच यायचं."

कागदी तिकिटावर भाडं छापलेलं दिसतं राव, कार्डातून नुसतंच वजा होतं. सोय आहे, नाही कसं म्हणू? पण भाडेवाढ कळायला मला मावशी लागल्या.

असो. कार्ड रिचार्ज करायचंय. यावेळी लवकरच संपलं.