पैठणीची उलटी बाजू

माणूस कामाला लावण्यापूर्वी त्याची पारख करावी, हे आमच्या शेवगावकडे कुणाला शिकवावे लागत नाही. बैल घ्यायला निघालेला शेतकरी आधी दात पाहतो, मग चाल पाहतो आणि किमतीची गोष्ट अगदी शेवटी काढतो. गवंड्याला काम देण्यापूर्वी त्याने बांधलेले एखादे घर ऐन पावसाळ्यात जाऊन पाहणारे गृहस्थ माझ्या माहितीत आहेत. पैठण तर आम्हांला फार लांब नाही. पैठणी घ्यायची तर पदर उलटून पाहावा, असे जाणती माणसे सांगतात. हातमागावरच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच नेटकी दिसते. नकलेच्या पाठीमागे सुटे धागे लोंबत असतात.

पण हाच चोखंदळ माणूस वेबसाइट करून घ्यायला निघाला, की आपले सारे शहाणपण खुंटीला टांगून जातो. त्यात त्याचा दोष तरी काय म्हणा! आपल्या देशात इंटरनेट सर्वसामान्यांना खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. गवंड्याची आणि बैलाची पारख शिकायला आपल्याला पिढ्यान् पिढ्या मिळाल्या. या नव्या कारागिराची पारख करायला एक पिढीसुद्धा धड मिळालेली नाही.

आमच्या वहिनींच्या बचत गटाचेच पाहा. अकराजणी मिळून दिवाळीचा फराळ करतात. चकली, अनारसे, करंज्या पुण्या-मुंबईपर्यंत जातात. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने त्यांना वेबसाइट करून दिली. दिसायला मोठी देखणी! पणत्या लुकलुकत होत्या, तोरणे हलत होती. त्याने पाहता क्षणी दर सांगितला, सगळे पैसे आगाऊ घेतले आणि "कागद कशाला, काकू? आपलं घरचंच आहे," असे म्हणून चहा पिऊन गेला. पुढल्या वर्षी दिवाळी पंधरा दिवसांवर आली असताना वेबसाइट एकाएकी उघडेना. चौकशी केली तेव्हा समजले की पत्त्याची वर्षाची मुदत संपली होती. मुदतीची सूचना गेली त्या तरुणाच्या ईमेलवर, कारण नोंद त्याच्याच नावाची होती. आणि तरुण काही फोन उचलीना.

भाजणी दळून झाली होती, तुपाचे डबे उधारीवर आले होते आणि खोक्यांवर तो बंद पडलेला पत्ता ठळक छापलेला होता. त्या रात्री आम्ही घरची सगळी माणसे खोक्यांवर फोन नंबराच्या चिठ्ठ्या चिकटवत बसलो. जुन्या गिऱ्हाइकांनी शोधून शोधून फोन केले. उरलेला माल बाजारात पडत्या भावाने विकावा लागला. वहिनी रडल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, घर आम्ही बांधलं आणि सातबारा त्याच्या नावावर!"

मला वाटते, या विषयावरचे सारे ज्ञान त्या एका वाक्यात आले. वेबसाइटचा पत्ता, ज्याला डोमेन म्हणतात, तो कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी नोंदवावा लागतो आणि मुदत सरली की पुन्हा पैसे भरावे लागतात. त्या नोंदीवर नाव, ईमेल आणि मोबाईल आपला हवा. होस्टिंग म्हणजे भाड्याची जागा. तिचीही किल्ली आपल्याकडे हवी. "किल्ल्या माझ्याकडेच राहू द्या, तुम्हांला समजायचं नाही," असे जो म्हणतो, त्याला चहा पाजावा आणि निरोप द्यावा.

दुसरी गोष्ट कागदाची. आपला लेखाधिकाराचा कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीच्या कामात केलेली कृती सामान्यतः मालकाची होते; पण बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या कामाचा हक्क, वेगळे ठरले नसेल तर, मुळात त्या करणाऱ्याचाच राहतो. तो आपल्याकडे यायचा तर त्याच्या सहीचे लेखी पत्र लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर पाचच वर्षांची धरली जाते. नुसते पैसे मोजून भागत नाही. शेजारच्या नेवाशाला शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी झाली, ती लिहून घेतली सच्चिदानंदबाबांनी. पण ग्रंथ कुणाचा, हा प्रश्न सातशे वर्षांत कुणाला पडला नाही. सगळेच लेखनिक काही सच्चिदानंदबाबा नसतात!

तिसरी खूण आश्वासनांची. "गूगलवर तुमचे नाव पहिले आणून देतो" असे कुणी छातीठोक सांगू लागला, की सावध व्हावे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच सांगून ठेवले आहे. पाऊस पाडून देतो म्हणणारा आणि हा, एकाच माळेचे मणी.

बाकीच्या खुणा लहान आहेत, पण उपयोगाच्या. त्याने पूर्वी केलेल्या वेबसाइटी आपल्या साध्या फोनवर उघडून पाहाव्यात आणि त्या मालकांना फोन करावा. मराठी मजकूर दुसऱ्याच्या फोनवरही नीट वाचता येतो की नाही, ते पाहावे. काम संपल्यावर भाव कोण बदलणार आणि सगळ्याची एक जादा प्रत कुठे राहणार, हे विचारावे. उत्तरात अवघड शब्दांचा पाऊस पडला, तर कामातही चिखलच होणार असे समजावे.

न्यायाने बोलायचे तर गिऱ्हाईकही काही कमी नसते. फोटो वेळेवर द्यायचे नाहीत, रोज रंग बदलायला सांगायचे आणि पैसे द्यायच्या वेळी बाहेरगावी जायचे, अशी माणसे मी पाहिली आहेत. लेखी करार अशा वेळी त्या कारागिराचेही रक्षण करतो. पैसे कामाच्या टप्प्याटप्प्याने द्यावेत, म्हणजे दोन्ही बाजूंची झोप शाबूत राहते.

वहिनींनी पुढे तालुक्यातल्याच एका मुलीला काम दिले. तिने पहिल्या दिवशी दर सांगितलाच नाही. चकली किती दिवस टिकते, पार्सल कोण बांधते, ऑर्डर आली की आधी कुणाला कळायला हवे, असे तासभर विचारीत राहिली. आणि "हिशेब परवा सांगते, काकू," म्हणून निघाली. ती गेल्यावर वहिनी मला म्हणाल्या, "ही आधी माप घेते हो. शिंपी बरा मिळालेला दिसतोय."

नव्या पत्त्याची नोंद गटाच्या नावावर झाली. लक्ष्मीपूजनाला वहीची पूजा झाली, तेव्हा वहिनींनी शेवटच्या पानावर पत्ता कुठे नोंदवला, मुदत कधी संपते आणि सूचना कुणाच्या फोनवर येते, एवढे तीन ओळींत लिहून ठेवले. यंदा आपल्या घरी वहीपूजन झाले, की दुकानाच्या वेबसाइटच्या याच तीन ओळी आपणही लिहून पाहा. लिहिता आल्या नाहीत, तर फराळ जरा बाजूला ठेवून आधी तो फोन करा.