कुट्टनाडचे लंगडे बदक
केरळमधील अलप्पुळाजवळचे कुट्टनाड म्हणजे पाण्याचाच मुलूख. इथली बरीच भातशेती समुद्रसपाटीहून १ ते २ मीटर खाली आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी कापणी झाली, की सांडलेले दाणे टिपायला ‘चारा’ आणि ‘चेंबल्ली’ जातींच्या बदकांचे कळप शेतात उतरतात.

पाय दुखावलेले बदक मात्र मागे पडते. मग ते घराच्या अंगणात येते. त्याला पायाला धरून कधीच उचलायचे नसते. पंखांसकट अंग दोन्ही हातांनी धरायचे. खाली मऊ, कोरडा पेंढा, दाणापाणी चोचीजवळ. जखम उघडी नसेल तर रोज थोडा वेळ पाण्यात सोडायचे. अंगाचा भार पाणी पेलते, पायाला विसावा मिळतो. सूज उतरली नाही, तर पशुवैद्य गाठायचा.

कळप पुढच्या शेताकडे निघतो. अंगणातले बदक मान उंचावून ऐकत राहते आणि मुले त्याच्या पायाकडे पाहत राहतात.