न झालेलं भांडण

मंडळी, गेला महिना-दीड महिना मी नऊ शेपट्यांच्या कोल्ह्यांच्या राज्यात राहून आले. :) सुनेने टॅबवर एक चिनी मालिका लावून दिली, 'इटर्नल लव्ह'. २०१७ सालची, तांग छी यांच्या कादंबरीवर बेतलेली, एकूण ५८ भाग! खाली इंग्रजी अक्षरं पळतात, ती वाचताना माझी दमछाक होते, म्हणून थांबवत थांबवत बघितली. पण सोडवेना, एवढं खरं.

नायिका बाय छियन ही छिंगच्यूची राजकन्या, म्हणजे नऊ शेपट्यांची कोल्हीण. हे छिंगच्यू आणि तिथला कोल्हा 'शान हाय जिंग' या फार जुन्या चिनी ग्रंथात आहेत. तिथला कोल्हा लहान बाळासारखा ओरडतो आणि माणसं खातो. आमची बाय छियन मात्र पीचच्या बनात दारू पिऊन लोळत पडणारी, आळशी, तोंडाने फटकळ आणि मनाने निर्मळ. वय एक लाख चाळीस हजार वर्षं. नायक ये हुआ, स्वर्गाचा युवराज, पन्नास हजारांचा. ती त्याला सुनावते की मी तुझ्या आजीच्या वयाची आहे. आमच्या वयाच्या बाईला असली नायिका आवडणारच ना?

मला खरी धरून ठेवली ती सुरुवातीच्या गुरुकुलाच्या भागांनी. बाय छियन मुलाचा वेष घेऊन कुनलुन पर्वतावर मो युआनकडे शिकते. तिच्यावर कोसळायची वीज गुरू आपल्या अंगावर घेतो, आणि पुढे युद्धात प्राण देतो. मग ही शिष्या आपल्या काळजाचं रक्त देऊन त्याचा देह सत्तर हजार वर्षं जपते. आकडे ऐकून हसू येतं, पण ऋण मानण्याची ती रीत आपल्या ओळखीची आहे. आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माझ्यासारखीच्या घशात तिथे आवंढा आला. गुरू आणि ये हुआ ही दोन्ही कामं मार्क चाओ या एकाच नटाने केली आहेत. चेहरा तोच, पण नुसत्या उभं राहण्यावरून कोण ते कळतं.

उणिवा पुष्कळ आहेत. राक्षस आणि अजगर लहान मुलांच्या खेळासारखे दिसतात. दुय्यम जोड्यांचं रडगाणं भागच्या भाग चालतं. सू जिन ही खलनायिका इतकी उघड कपटी आहे की स्वर्गातल्या एकाही देवाला ते कसं दिसत नाही, याचंच नवल वाटतं. पण हे सगळं मी माफ केलं असतं. एक गोष्ट मात्र होत नाही. (पुढे शेवट फोडते आहे, ज्यांना बघायची आहे त्यांनी इथेच थांबा.)

मधल्या जन्मी बाय छियन स्मृती आणि शक्ती हरवून सूसू नावाची साधी मर्त्य बाई होते. ये हुआशी लग्न होतं, दिवस राहतात, ती स्वर्गात येते. तिथे सू जिन तिच्यावर आळ घेते आणि शिक्षा म्हणून सूसूचे डोळे काढले जातात. काढतो कोण? ये हुआ स्वतः! आजोबांच्या, म्हणजे स्वर्गाधिपतीच्या रोषातून तिला वाचवायचं, म्हणून तो वरवर थंडपणे वागतो. तिच्या वाटणीची शिक्षाही सोसतो. पण तिला एका शब्दाने काही सांगत नाही. मुलाला जन्म देऊन ती कड्यावरून उडी टाकते, आणि मूळ रूपात परतल्यावर विसरण्याचं औषध मागून पिते.

इथे मला शकुंतला आठवली. महाभारतातला दुष्यंत जाणूनबुजून ओळख नाकारतो. कालिदासाने दुर्वासाचा शाप आणला आणि राजा दोषातून सुटला. या मालिकेत विसरते ती बाई, आणि तेही स्वतः ठरवून. हे मला फार मोठं वाटलं. तीनशे वर्षांनी सगळं आठवल्यावर ती सू जिनकडून आपले डोळे परत घेते आणि ये हुआला दारातही उभं करत नाही. मी सरसावून बसले, म्हटलं आता हा काय उत्तर देतो बघू. तर लेखकाने त्याला युद्धावर पाठवून मारूनच टाकला! झालं, ती रडत बसली, राग कुठल्या कुठे गेला. तीन वर्षांनी तो जिवंत होऊन येतो तेव्हा पीच फुललेले असतात आणि प्रश्न कुणी विचारत नाही.

माझा राग एवढा का, ते सांगते. ह्यांचं दुखणं साधं नाही हे चार महिने ह्यांना माहीत होतं, दिरांना माहीत होतं, डॉक्टरांना माहीत होतं. 'तिला त्रास नको' म्हणून मला सांगितलं नाही. ते चार महिने मी दहावीच्या जादा तासांना जात होते. हे प्रेमापोटी केलं, यात मला तिळमात्र शंका नाही. पण ते चार महिने माझेही होते, आणि ते कसे घालवायचे हे मला ठरवू दिलं नाही. कळलं तेव्हा भांडायला वेळ उरला नव्हता, आणि गेलेल्या माणसाशी कुणी भांडत नाही. लोक म्हणतात, किती जपलं हो तुम्हाला!

आमच्याकडे माणूस तीन वर्षांनी परत येत नाही. त्यांच्याकडे आला होता. अठ्ठावन्न भागांतली दहा मिनिटं त्या दोघांना समोरासमोर बसवून 'मला का नाही सांगितलंस?' एवढं विचारायला द्यायला काय हरकत होती? बाय छियन काही त्याला सोडून गेली नसती. दोन शब्द सुनावून, दारूचा पेला पुढे सरकवून मोकळी झाली असती.

असो. मालिका जरूर बघा, कंटाळवाणे भाग पुढे ढकला. आणि घरात कुणी कुणाच्या भल्यासाठी काही लपवत असेल, तर आजच सांगून टाका. भांडण होईल, होऊ द्या.