लायनर
दसरा झाला की आमच्या बीडकडच्या टोळ्या उसाला निघायच्या. त्याआधी अण्णा ट्रक मिस्त्रीकडं लावायचे. दुकानदार स्वस्तातले लायनर पुढं करायचा. अण्णा आधी चाकाचा ड्रम बोटानं चाचपायचे. चऱ्या पडल्या असतील तर ड्रम लेथवर घासून आणायचा, फार झिजला तर बदलायचाच. नाहीतर नवे लायनर नीट बसत नाहीत. अन् एकाच बाजूचे कधी बदलायचे नाहीत, ब्रेक दाबला की गाडी एकीकडं ओढते.

एकदा मी म्हणालो, "अण्णा, उचलीतले एवढे पैसे ह्यातच?"

"मांजरसुंब्याच्या घाटात मागं धा कोयते असत्यात. एक कोयता म्हंजे नवरा-बायको. लेकरं मुकादमाच्या वहीत नसत्यात. पर ब्रेकवर वजन त्यांचंबी येतं."