दोरू नदीच्या खोऱ्यांत

युरोपच्या प्रवासांत मुद्दाम सवड काढून पोर्तुगालमधील दोरू नदीचें खोरें पाहिलें, असें सांगतांच आमच्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळास आंठी पडली आणि तरुण मंडळींच्या ओठांवर हसूं आलें. दोहोंचें कारण एकच. हें खोरें जगांत गाजलें आहे तें ‘पोर्ट’ नांवाच्या मद्यामुळें. ज्याच्या घरीं त्या वस्तूला कधीं उंबरठा ओलांडतां आला नाहीं त्याचें तेथें काय काम, हा वडिलांचा प्रश्न. आणि त्यानें तेथें काय केलें असावें, हा तरुणांचा तर्क! आम्ही पेल्यास हात लावला नाहीं, हें दोन्ही पक्षांस सांगून ठेवतों. परंतु त्या सोवळेपणाची प्रौढी मिरविण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. त्या खोऱ्यांत पाहण्यासारखी जी वस्तु आहे ती पेल्यांत नसून डोंगराच्या उतारावर आहे, आणि ती न पाहतां ‘काय रम्य देखावा!’ एवढेंच म्हणून परतणारे प्रवासी पुष्कळ, म्हणून हा प्रपंच.

नकाशावर जिचें नांव आपण ‘डौरो’ असें वाचतों तिला तेथील लोक ‘दोरू’ म्हणतात. तिचा उगम स्पेन देशांत उर्बियोनच्या डोंगरांत होतो. तेथें तिचें नांव दुएरो. सुमारें ९०० किलोमीटर वाहून, वाटेंत शंभराहून अधिक किलोमीटर दोन्ही देशांची सीमा होऊन, ती पोर्तो शहरापाशीं अटलांटिक महासागरास मिळते. द्राक्षांचा मुलूख मात्र समुद्रालगत नाहीं. पोर्तो हें दमट, पावसाळी शहर. तेथून पूर्वेस गेलें म्हणजे मराँव नांवाचा डोंगर आडवा येतो. समुद्रावरून आलेले ढग आपला बराचसा भार त्याच्या अलीकडेच टाकतात, आणि पलीकडे रुक्ष, तापट प्रदेश सुरू होतो. कोंकणांतून घाट चढून देशावर आलेल्या माणसास हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाहीं. तेथील हवेविषयीं एक म्हणच आहे, नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. आम्ही गेलों तेव्हां सप्टेंबर संपत आला होता, त्यामुळें नरकाची केवळ धग तेवढी अनुभवास आली.

पोर्तोच्या साँव बेंतु स्थानकांतून गाडी निघते. १९१६ सालीं उघडलेल्या या स्थानकाचा दर्शनी दालनाचा भाग जोर्ज कोलासु या चित्रकाराच्या सुमारें २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशांनीं मढविलेला आहे. पण त्याविषयीं इतक्यांनीं लिहिलें आहे कीं आपण गाडीच पकडावी हें बरें. जातांना उजव्या हाताच्या खिडकीशीं बसावें, कारण लोहमार्ग बराच काळ नदीच्या उत्तर तीरानें जातो. तासाभरानंतर नदी एकाएकीं खालीं दिसूं लागते, आणि रेगुआ गांव जवळ येतें तसतसे डोंगर रूप पालटूं लागतात. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साऱ्या उतारावर आडव्या रेघाच रेघा. आपल्या वाईच्या घाटाच्या पायऱ्या कोणी कोसच्या कोस लांबवून डोंगरावर नेल्या असत्या, तर असेंच दिसलें असतें.

या रेघा म्हणजे भिंती. चुना नाहीं, सिमेंट नाहीं. दगडावर दगड बसवून रचलेल्या. कोंकणांत ज्यास गडगा म्हणतात तोच हा प्रकार, कोठें कंबरेइतका, कोठें माणसाहून उंच. प्रत्येक भिंतीमागें एक अरुंद पट्टी, आणि त्या पट्टींत द्राक्षवेलींच्या दोन-चार ओळी. येथवर कोणासही दिसतें. न दिसणारी गोष्ट अशी कीं, भिंतीमागची ती माती तेथें मुळांत जवळजवळ नव्हतीच. हे डोंगर शिस्ट नांवाच्या, पापुद्र्या-पापुद्र्यांच्या दगडाचे. आपल्या लहानपणच्या दगडी पाटीचा हा भाऊबंद. त्यावर मातीचा थर नांवापुरता. तेव्हां माणसांनीं पहारी घेऊन, पुढें सुरुंग लावून, तो खडक कंबरभर खोल फोडला. मोठे दगड भिंतीस लावले आणि उरलेला चुरा मागें पसरून त्यासच माती म्हटलें. या दगडाचे पापुद्रे बहुतेक उभे असल्यामुळें फटींतून मुळें खोल ओलाव्यापर्यंत उतरतात, आणि दिवसभर तापलेला दगड रात्रीं ऊब देत राहतो. म्हणून वेल जगतो. आपला शेतकरी रानांत पीक घेतो. येथें अगोदर रानच निर्माण करावें लागलें. युनेस्कोनें २००१ सालीं या खोऱ्यास जागतिक वारशांत स्थान दिलें तें निसर्गाची शोभा म्हणून नव्हे, तर माणसानें घडविलेला भूप्रदेश म्हणून, हें यथार्थ झालें.

एका मळ्यांत ढासळलेली भिंत पुन्हा रचीत असलेला एक वृद्ध गवंडी भेटला. दिवसाकाठीं किती भिंत होते, असें दुभाष्याकरवीं विचारतां त्यानें जें अंतर हातांनीं दाखविलें, तें आमच्या अपेक्षेच्या पावपटही नव्हतें. प्रत्येक दगड तो दोनतीनदां फिरवून पाही, आणि न बसला तर रागावल्यासारखा बाजूस ठेवी. त्याचा मुलगा फ्रान्समध्यें मोटारी दुरुस्त करतो. हें काम जाणणारे आतां मिळत नाहींत, असें तो म्हणाला. आणि त्याचा पुरावा समोरच्या डोंगरावरच होता. तेथील नव्या मळ्यांतून भिंती नाहींत. यंत्रानें मातीचे उतरते बांध घातलेले, किंवा वेलींच्या ओळी सरळ उताराच्या दिशेनें उभ्या लावलेल्या.

या खोऱ्याची सीमा सरकारनें आंखून दिली त्यासही आतां अडीचशें वर्षांहून अधिक काळ लोटला. १७०३ सालच्या मेथ्यूएन तहानें इंग्लंडांत पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्याहून एकतृतीयांश कमी झाली, मागणी वाढली, आणि मागणीच्या पाठोपाठ लबाडी आली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डर नांवाच्या झाडाच्या काळ्या फळांचा रस मिसळूं लागले. नांव गेलें, भाव कोसळले. तेव्हां पोंबालच्या मार्क्विसनें, १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभारणाऱ्या त्याच मुत्सद्द्यानें, १७५६ सालीं एक कंपनी स्थापून या मद्याचा व्यापार तिच्या हातीं दिला, एल्डरचीं झाडें उपटविलीं, आणि पुढील कांहीं वर्षांत मुलुखाच्या कडेनें तीनशेंहून अधिक दगडी खांब रोवविले. चिमाजी अप्पांनीं वसई घेतली त्यास तेव्हां सतराच वर्षें झालीं होतीं, एवढें सांगितलें म्हणजे आपल्या वाचकांस काळाची खूण पटेल. १७५७ सालीं पोर्तोमधील गोरगरिबांनीं या कंपनीविरुद्ध दंगा केला. त्यांतील कित्येकांस फांशीं देण्यांत आलें. मार्गदर्शक आपल्याला खांब दाखवितात. दंग्याची गोष्ट विचारल्यावांचून निघत नाहीं.

इ. स. १८६० नंतरच्या काळांत अमेरिकेंतून आलेल्या फिलॉक्सेरा नांवाच्या बारीक किडीनें युरोपभर द्राक्षवेलींचीं मुळें खाल्लीं. दोरूचे मळे ओस पडले. उपाय सांपडला तो अमेरिकन वेलीच्या मुळावर देशी वेलीचें कलम बांधण्याचा. पण तो हातीं येईपर्यंत पुष्कळ कुटुंबें धुळीस मिळालीं, आणि सगळ्या उतारांवर कांहीं वेल परत लागले नाहींत. सोडून दिलेल्या त्या पायऱ्यांस तेथें ‘मोर्तोरियु’ म्हणतात. शब्दांत मृत्यु स्पष्ट ऐकूं येतो. गाडींतूनही त्या ओळखतां येतात. भिंती शाबूत, वर झुडुपें, अधूनमधून एखादें ऑलिव्हचें झाड. प्रवाशांचे कॅमेरे तिकडे वळत नाहींत. आम्ही मात्र सर्वांत अधिक वेळ पाहत बसलों तें याच ओसाड पायऱ्यांकडे. पिकत्या मळ्यांत पानांआड झाकलेली मेहनत येथें उघडी पडलेली आहे.

लोकांच्या तोंडीं नांवें आहेत तीं निराळ्यांचीं. तरुणपणींच वैधव्य आलेली आणि पुढें खोऱ्यांतील सर्वांत मोठी मळेवाली झालेली दोना अंतोनिया फेरैरा (१८११-१८९६) हिला लोक अजून प्रेमानें ‘फेरैरिन्या’ म्हणतात. मंदीच्या दिवसांत तिनें शेतकऱ्यांचा माल विकत घेतला, रस्ते व रुग्णालयें यांस पैसा दिला; हें प्रेम फुकट मिळालेलें नाहीं. दुसरें नांव इंग्रज व्यापारी जोसेफ जेम्स फॉरेस्टर याचें, ज्यानें या नदीचा उत्कृष्ट नकाशा तयार केला. १२ मे १८६१ रोजीं वालैराच्या धबधब्याशीं नाव उलटून तो बुडाला. त्याच नावेंत दोना अंतोनियाही होती. तिच्या घेरदार झग्यांत हवा भरून ती तरंगली आणि कमरेच्या पट्ट्यांतील नाण्यांच्या भारानें तो तळास गेला, अशी कथा सांगतात. कथा फारच सोयीची आहे, तेव्हां ती कथा म्हणूनच घ्यावी.

पिन्याँव येथें उतरावें तें स्थानकाच्या भिंतींसाठीं. १९३७ साली बसविलेल्या तेथील चित्रफरशांवर द्राक्षांचा हंगाम चितारलेला आहे. बायका घोस खुडीत आहेत, पुरुष मोठमोठ्या टोपल्या पाठीवर घेऊन उतारावरून चालले आहेत. अशा भरल्या टोपलीचें ओझें ५० किलोच्या घरांत जाई. हीं माणसें डोंगरापलीकडच्या गांवांतून टोळ्या-टोळ्यांनीं येत, आणि दिवसभर खुडणी झाल्यावर रात्रीं पुरुष दगडी हौदांत उतरून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, हुकमाच्या तालावर तासन्‌तास द्राक्षें तुडवीत. आतां बहुतेक ठिकाणीं हें काम यंत्रें करतात. निवडक मालासाठीं मात्र पाय अजून लागतात. मंडळी चित्रांची वाखाणणी करीत असतां आमच्या सौ.नीं मार्गदर्शकास विचारलें, “या बायकांस मजुरी काय मिळत असे?” पुरुषांहून कमी, असें उत्तर आलें. “तरीच त्यांचे चेहरे चित्रकारानें खालीं घातलेले दाखविले आहेत,” असें म्हणून त्या पुढें निघाल्या.

आतां त्या मद्याविषयीं. रस अर्धवट आंबला असतांच त्यांत द्राक्षांपासूनच काढलेला तीव्र मद्यार्क ओततात. त्यानें आंबण्याची क्रिया थांबते, उरलेली साखर तशीच राहते, आणि जोर सुमारें २० टक्क्यांवर जातो. हा माल मोजण्याचें माप ‘पिपा’, म्हणजे साधारण ५५० लिटर. आपल्या न्हाणीघरांतलें पिंप त्याच शब्दाचें अपत्य. पाव, बटाटा व चावी यांच्याच गलबतांतून तें आपल्याकडे आलें. मद्यपानाविषयीं आमचें मत पूर्वीं होतें तेंच आहे. परंतु ज्यानें तेथें पहार चालविली त्यास द्राक्षांऐवजीं जोंधळा पेरण्याची सोय नव्हती; त्या दगडांत द्राक्ष, ऑलिव्ह आणि बदाम यांवांचून फारसें कांहीं पोसत नाहीं. आणि त्यानें केलेला उंची माल त्याच्या स्वतःच्या पेल्यांत क्वचितच पडे.

पिन्याँवच्या पुढें माणसांची गर्दी ओसरते, आणि फेरादोझाच्या पुलानंतर नदी डाव्या हातास येते. पाणी येथें तळ्यासारखें स्तब्ध आहे. पूर्वीं चौकोनी शिडाच्या, लांबलचक वल्ह्यानें वळविण्याच्या ‘राबेलु’ नांवाच्या सपाट नावा पिंपें घेऊन या नदीच्या खळाळांतून जीव मुठींत धरून उतरत, आणि परततांना जागोजागीं तीरावरून बैलांनीं ओढाव्या लागत. आधीं रेल्वे आली, मग धरणें. फॉरेस्टर जेथें बुडाला तो धबधबा १९७६ पासून वालैरा धरणाच्या पाण्याखालीं स्वतःच बुडाला आहे. गाडी पोसिन्यु येथें थांबते. पुढचा सरहद्दीपर्यंतचा मार्ग १९८८ सालीं बंद झाला.

जवळच कोआ नांवाची उपनदी आहे. तेथेंही धरण व्हावयाचें होतें. काम चालू असतांच, १९९० नंतरच्या वर्षांत, कांठच्या शिस्टवर हजारों वर्षांपूर्वीं कोरलेल्या घोड्यांचीं, रानबैलांचीं आणि रानबोकडांचीं चित्रें उजेडांत आलीं. कांहीं २०,००० वर्षांहून जुनीं आहेत. चित्रांना पोहतां येत नाहीं, अशी घोषणा करीत शाळकरी मुलेंसुद्धां पुढें आलीं, आणि १९९५-९६ सालीं सरकारनें धरण सोडून दिलें. तीं पाहण्यास आगाऊ नांव नोंदवावें लागतें. सकाळच्या तिरप्या उन्हांत रेघा दिसतात. ऊन डोक्यावर आलें कीं समोर नुसता दगड.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. जुलै-ऑगस्ट टाळावे. फेब्रुवारीच्या अखेरीस बदामाचीं झाडें फुलतात, सप्टेंबरांत खुडणी चालते. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाहीं. मक्याच्या पिठाचा जाड पाव, ऑलिव्ह, बदाम व अंजीर सर्वत्र मिळतात. कोबीच्या पानांचें आणि बटाट्याचें हिरवें सार तेथें घरोघर होतें, पण त्यांत मांसाची चकती टाकण्याची चाल आहे, म्हणून तें मागण्यापूर्वीं सांगून ठेवावें.