वारा कमी येतोय

वळवाचा एक पाऊस होऊन गेला होता आणि हवेत दमट उकाडा कोंडून राहिला होता. अण्णांना डोळे दाखवण्यासाठी सांगलीहून पुण्याला न्यायचे होते. वय ८१, मागच्या उन्हाळ्यात त्यांना ऊन बाधले होते. त्यामुळे माझी सारी भिस्त गाडीच्या एसीवर होती, आणि तो तर दोन महिने लहरीपणाने वागत होता. निघताना उत्तम गारवा, तासाभराने उकाडा, कुठे थांबून निघालो की पुन्हा गारवा. गॅरेजमध्ये मात्र तो शहाण्या मुलासारखा वागे. तेथे दोनदा गॅस भरून मिळाला. दोन्ही वेळा पैसे मोजून मी निमूट घरी आलो.

कराड मागे पडले तसे अण्णा मागून म्हणाले, "वारा कमी येतोय रे."

"एसी गार करत नाही, अण्णा. पोचू आता."

थोड्या वेळाने ते पुन्हा तेच म्हणाले. मी ब्लोअर वाढवला; पंख्याचा आवाज वाढला आणि माझ्यापुरता विषय संपला. साताऱ्याजवळ थांबलो तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता, ओठ सुकले होते, आणि काठी धरलेला हात थरथरत होता. माझ्या पोटात गोळा आला. सावलीत बसवून, पाणी पाजून अर्ध्या तासाने परतलो, तर गाडीखाली पाण्याचे तळे साचलेले. अण्णांनी काठीने ते दाखवले. "एवढं पाणी आत्ताच कुठून आलं?" मला ते विचारण्यासारखे वाटलेच नव्हते.

परतल्यावर एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. माझे गाऱ्हाणे अर्ध्यावर तोडून त्याने विचारले, "वारा येतो पण गरम येतो, की वाराच आटतो?" मला सांगता येईना. अण्णांनी सांगितले, पाण्याचेही सांगितले.

मग उलगडा झाला. गॅस बंद नळ्यांतून फिरतो, पेट्रोलसारखा संपत नाही; तो कमी झालाच तर गळती शोधावी लागते, नुसता भरून भागत नाही. कॉम्प्रेसरचा क्लच सुटत असेल, तर वारा भरपूर पण गरम येतो. वाराच आटला, तर डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याचा संभव अधिक. एरवी हवेतली वाफ कॉइलवर पाणी होऊन गाडीखाली ठिबकत राहते. कॉइल गोठण्याच्या बेतात आली की सेन्सरच्या इशाऱ्याने कॉम्प्रेसर थांबायला हवा. आमचा सेन्सर बिघडला होता, फिल्टर धुळीने तुंबला होता, आणि अण्णांना वारा बाधू नये म्हणून पंखा मीच एकवर ठेवत असे. दमट हवेत लांबच्या रस्त्यावर बर्फ साचे. थांबलो की तो वितळे. गॅरेजमधल्या दहा मिनिटांत तो धरणार कसा? एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला असता, तरी थोड्या वेळाने वारा मोकळा झाला असता. हे कराडलाच ठाऊक असते तर!

सेन्सर व फिल्टर बदलले. खर्च एका वेळच्या गॅसहून कमी आला.

जुलैत पुन्हा पुण्याला निघालो. अण्णा या वेळी पुढच्या आसनावर, हात जाळीसमोर धरून बसले होते. कराड गेल्यावर मीच विचारले, "वारा?"

"येतोय."

साताऱ्याला उतरल्यावर त्यांनी चष्मा सावरत गाडीखाली पाहिले. थेंब थेंब पाणी पडत होते.