परगावच्या मुली आणि आपला रविवार

मैत्रिणींनो, एक विचारू? आपल्या जिल्ह्यातली किती ठिकाणं तुम्ही पाहिली आहेत? लग्नाला म्हणून गेलात, नवस फेडायला गेलात, पाहुणे आले म्हणून त्यांना अजिंठा दाखवून आणलात, ते यात धरायचं नाही बरं का! नुसतं पाहावंसं वाटलं म्हणून उठून गेलात, अशी किती?

माझी भाची शिकायला जर्मनीत आहे. तिकडे रविवारी दुकानं बंद. मग ही मुलं पाठीवर पिशवी टाकतात, आगगाडीने कुठल्याशा खेड्यात उतरतात आणि दिवसभर रानातून चालतात. झाडांवर, दगडांवर वाटेच्या खुणा रंगवलेल्या असतात म्हणे. तिचे फोटो पाहून आम्ही सगळ्या हळहळलो, "परदेशात किती मजा!" पण नवल पुढेच आहे. आमच्या माडीवर दोन मुली भाड्याने राहतात, एक रत्नागिरीकडची, दुसरी यवतमाळची. शिकायला जळगावला आल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने जळगाव हेच परदेश! दोन वर्षांत त्यांनी मनुदेवीचा धबधबा, पाल, पद्मालय, उनपदेव, फरकांड्याचे झुलते मनोरे सगळं पालथं घातलं. आणि मी? बारा वर्षं इथली सून, निम्मी नावं त्यांच्याकडून ऐकली!

यवतमाळच्या मुलीच्या आईचा मला एकदा फोन आला. "ताई, शिकायला पाठवलंय, भटकायला नाही. तुम्ही जरा रागवा तिला." त्यांची काळजी मला कळत होती. परक्या गावी, रानावनात पोरी जातात, कोणाही आईचा जीव खालीवर होणारच. पण रागवायच्या आधी ही भटकंती आहे तरी कशी ते पाहावं, असं मनात आलं. त्यांना म्हटलं, "अगं, पुढच्या रविवारी मीही येते." सासूबाई म्हणाल्या, "आता या वयात?" मी अजून चाळिशीचीही नाही हो! यजमानांना शनिवारी रात्रीच सांगून ठेवलं, आमटी-भाजी तयार आहे, भात तेवढा तुम्ही लावा.

पहाटेच्या गाडीने पाचोऱ्यावरून चाळीसगाव. तिथून पाटणादेवी अठरा किलोमीटर. रिक्षा ठरवली. सातमाळ्याचा डोंगर जवळ येतो तशी हवाच बदलते. हे सगळं गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतं. चंडिकादेवीचं दर्शन घेऊन पुढे गेलं, की कण्हेरगडाच्या पायथ्याला महादेवाचं जुनं हेमाडपंती देऊळ लागतं. दगडातली नक्षी अशी, की आपण रांगोळीचे ठिपके मोजत बसावं तसं पाहत बसावं.

पण मला खरी भूल पडली ती पाटण्याच्या शिलालेखाची. 'लीलावती' लिहिणारे गणिती भास्कराचार्य आपण शाळेत ऐकलेले असतात. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी या पाटण्यात मठ काढला. शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे १२०६-०७ सालचा. बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी मठाला कोणी काय द्यायचं ते मराठीत कोरलं आहे. जितके तेलाचे घाणे, त्या प्रत्येकामागे पळी पळी तेल! वाचून मला आपली स्वयंपाकघरातली पळीच डोळ्यासमोर आली. आठशे वर्षांपूर्वी आकाशातल्या ग्रहांचं गणित या डोंगरात शिकवायचं, तर त्यासाठी गावाने पळीने तेल घालायचं ठरलं होतं.

मग नागार्जुन कोठीची चढण. ही जैन लेणी आहेत. वाट घसरडी, खडीची. मुली पुढे, मी मागे. मध्ये दोनदा वाटलं, परतावं. रत्नागिरीची म्हणाली, "काकू, वर बघू नका, पुढचं पाऊल बघा." लेण्यापाशी पोचल्यावर मुली गडावर गेल्या. मी मात्र तिथेच बसले, एकटी, तासभर. कोणी हाक मारली नाही, दूध उतू गेलं नाही. समोर सगळं रान पसरलेलं. घराबाहेर, काही काम नसताना, एकटी मी शेवटची कधी बसले होते ते आठवूनही आठवेना.

परतताना चाळीसगाव स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर पाहिलं. मूस १९३० च्या दशकात इंग्लंडला, शेफील्डला कला शिकायला गेले, जग हिंडले आणि चाळीसगावला परतल्यावर मरेपर्यंत, म्हणजे १९८९ पर्यंत, जवळजवळ पन्नास वर्षं या घराबाहेर पडलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. टेबलावर साध्या वस्तू मांडून त्यांनी काढलेली छायाचित्रं पाहताना भानच हरपतं. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत असतील. मला वाटलं, आधी जग पाहून मग त्यांनी उंबरठ्याच्या आत राहायचं ठरवलं. आपल्यापैकी कितीजणींना कोणी असं ठरवायला विचारलंय?

रात्री मी यवतमाळला फोन केला. सांगितलं, मुली चौघी-पाचजणी मिळून जातात, चौकीवर नाव नोंदवतात, अंधाराआधी गाडी गाठतात. "आणि ताई, पुढच्या सुट्टीत तुम्हीच या, तुम्हालाही नेतील." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "चढण फार आहे का हो?"

आता तुम्ही जाणार असाल तर थोडं सांगते. सपाता नकोत, बूट हवेत. साडीऐवजी पंजाबी ड्रेस सोयीचा. प्रत्येकीने दोन बाटल्या पाणी, शिवाय मीठ-साखरेची पुडी. डब्यात दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दुपारपर्यंत मऊ राहतात. पावसाळ्यात धबधबे सुंदर, पण नाल्याला पाणी चढलं असेल तर ओलांडायचं नाही म्हणजे नाही. एप्रिल-मे मध्ये तर आपल्या खानदेशात घरातच बसावं. बिबट्याचं रान आहे, तेव्हा पहारेकऱ्याला विचारूनच वाट धरा. अत्तर, धूर टाळा, कडेकपारीला मधमाश्यांची पोळी असतात. मूस यांच्या घराची वेळ आधी चौकशी करून घ्या.

धुळ्याच्या मैत्रिणींना तर चाळीसगावची गाडी दाराशीच आहे. १९०० सालापासूनचा फाटा, शिरूड, राजमाने, जामदा करत जातो. एवढं लांब नको असेल तर मुंबई-आग्रा रस्त्यावरचा लळिंगचा फारुकी काळातला किल्ला धुळ्यापासून दहा किलोमीटरवर. जवळच लांडोर बंगला, जिथे डॉ. आंबेडकर १९३७ साली उतरले होते आणि ३१ जुलैला त्यांच्या आठवणीला माणसं लोटतात. सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला घरी येता येतं.

पितळखोऱ्याची बौद्ध लेणी अजून राहिली आहेत. मुलींची परीक्षा संपली की त्या रविवारी निघायचं आहे. यंदा शेजारच्या दोघीजणी येतो म्हणाल्या आहेत, म्हणून मोठी गाडी बघते आहे.